डू मारचा बेसवाला हेनी व्रीन्तन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइंडहोवनला राहायला येऊन बरीच वर्षं झाली, आणि इथे डच लोकांच्या कुठल्याही पार्टीत रात्री दहानंतर एक ठराविक गोष्ट घडते. कोणीतरी जुनी रेगेसारखी गाणी लावतं आणि पन्नाशी-साठीच्या, एरवी टॅक्स आणि हवामानावर बोलणाऱ्या बायका अचानक कोरसमध्ये किंचाळायला लागतात. आपली मंडळी मग मला कोपऱ्यात घेऊन विचारतात, "अगं हे काय चाललंय?" तेच तेच सांगून दमले म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय.

एका वाक्यात सांग, कोण हा?

हेनी व्रीन्तन, जन्म 27 जुलै 1948, डू मार नावाच्या डच बँडचा बेसिस्ट आणि गायक, ज्याच्यापायी 80च्या दशकाच्या सुरुवातीला अख्खं नेदरलँड्स वेडं झालं होतं, आणि बँड ऐन भरात बंद केल्यावर जो सिनेमा, टीव्ही, म्युझिकल यांचा संगीतकार झाला आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं तेच करत राहिला. 25 एप्रिल 2022 ला गेला, 73 वर्षांचा होता.

नाव नक्की कसं म्हणायचं? आणि "डू मार" म्हणजे कोणाला मार?

कोणालाच नाही हो. हा विनोद प्रत्येक मराठी माणूस पहिल्याच मिनिटाला करतो, मीही केलेला.

"डू मार" म्हणजे साधारण "कर की", "चालेल, होऊ दे". बेकरीत गेलात आणि काउंटरवरच्या बाईने विचारलं काय देऊ, तर डच माणूस सरळ "मला अमुक हवंय" म्हणण्याऐवजी "डू मार त्वे" म्हणतो, म्हणजे "द्या दोन". आपण भाजीवाल्याला "बरं, द्या मग अर्धा किलो" म्हणतो ना, अगदी तोच सूर, जरा बेफिकीर, जरा उपकार केल्यासारखा. बँडला हे नाव ठेवणं म्हणजे आपल्याकडे कोणी बँडचं नाव "चालतंय की" ठेवण्यासारखं आहे.

आडनावातला पहिला व हा व आणि फ च्या मधला कुठला तरी आहे, फ्रीन्तन म्हटलंत तरी समजतात. फक्त त बदलून ड करू नका, कारण "फ्रीन्डन" म्हणजे मित्रमंडळी.

गाव कुठलं त्याचं?

हिल्व्हारनबेक, तिलबुर्गच्या जवळ, ब्राबांट प्रांतात. नाव ऐकून अनोळखी वाटेल पण मुलं असलेल्या निम्म्या मराठी कुटुंबांनी हे गाव पाहिलेलं आहे! बेक्स बेर्खन सफारी पार्क याच गावात. गाडीच्या काचा वर करून सिंह बघितलेत, जिराफाबरोबर फोटो काढलेत, पार्किंगमध्ये डब्यातले पराठे खाल्लेत, तेच ते. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला हे नाव ऐकूनही माहीत नव्हतं, आता जाते तेव्हा गावाची पाटी आली की गाडीत गाणं लावते आणि मागच्या सीटवरून "आई नको ना" असा आवाज येतो.

डू मार त्यानेच काढला ना?

नाही, आणि ही चूक डच लोकसुद्धा करतात. बँड 1978 ला सुरू झाला, एर्न्स्ट यान्स हा कीबोर्डवाला त्याचा मूळ पुरुष, सोबत गिटारवर यान हेंड्रिक्स आणि बेसवर पीट डेकर. 1979 ला पहिला अल्बम आला, फार काही झालं नाही त्याचं. मग 1980 ला डेकर गेला आणि त्याच्या जागी व्रीन्तन आला. तोवर तो काही नवखा पोरगा नव्हता, सत्तरच्या दशकात रूबी कारमायकल अशा भलत्याच अमेरिकन नावाने गाणी करून झाली होती, आणि ते नाव आज कोणाच्या लक्षात नाही यावरून काय ते समजा.

म्हणजे बदली कामगार म्हणून आला आणि दोन वर्षांत बँडचा चेहरा झाला. 1981 ला स्कंक हा अल्बम आला आणि त्यातलं "एक-दोन दिवसांपासून" अशा अर्थाचं गाणं हिट झालं. कंसातलं नाव "32 वर्षं". प्रेमात पडलेल्या बत्तीस वर्षांच्या माणसाचं गाणं, आणि बँडमध्ये आला तेव्हा हाही बत्तिशीतच होता. या देशात तोपर्यंत रॉक म्हणजे इंग्लिश असं समीकरण होतं, गोल्डन इअररिंग घ्या नाहीतर शॉकिंग ब्लू घ्या, बहुतेक सगळे इंग्रजीत गायचे, डचमध्ये गायचं म्हणजे एकतर लहान मुलांची गाणी नाहीतर दारूच्या गुत्त्यातली रडकी गाणी असा सूर. मराठीत रॉक करणाऱ्या पोरांना आजही "हे मराठीत कसं वाटेल यार" हे ऐकावं लागतं, त्यांना हे सांगायला नको. या लोकांनी बोलतात तशा डचमध्ये, रेगे आणि स्का या जमैकन संगीताच्या ठेक्यावर गाणी केली आणि ते चाललं. नुसतं चाललं नाही, उधळलं.

बेसिस्ट म्हणजे गिटारवालाच ना? त्यात एवढं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी जरा बसून वाचा.

बेस गिटारला चार जाड तारा असतात, साध्या गिटारच्या जाड चार तारांचे तेच सूर पण एक सप्तक खाली, सगळ्यात जाड तार साधारण 41 हर्ट्झला वाजते, म्हणजे कानापेक्षा पोटात जास्त ऐकू येते. बहुतेक रॉक गाण्यांत बेसवाला मागे उभा असतो आणि तो आहे हे तो थांबल्यावर कळतं. रेगेमध्ये मात्र उलटं. गिटारवाला ऑफबीटवर, म्हणजे मुख्य ठोक्यांच्या अधेमधे, नुसतं "च्यक, च्यक" करत राहतो आणि खरी चाल बेसवर असते, गुणगुणायची झाली तर लोक बेसच गुणगुणतात.

आता ठेका बघा. आपल्याला सवय आहे समेवर धा पडायची, सगळे तिथे येऊन माना डोलावतात. रेगेमध्ये वन ड्रॉप नावाचा जो ठेका असतो त्यात ड्रमर पहिली मात्रा रिकामी सोडतो आणि वजन तिसऱ्यावर टाकतो. म्हणजे समेवरच खाली! आणि बेसवालाही पुष्कळदा तिथे गप्प बसतो. पहिल्यांदा ऐकताना जिना उतरताना एक पायरी नसल्यासारखं होतं, आणि दुसऱ्या मिनिटाला अंग आपोआप हलायला लागतं. हेडफोन लावून त्यांचं "हेच का सगळं?" या अर्थाच्या नावाचं गाणं ऐका, 1982 चं, व्रीन्तननेच लिहिलेलं. शब्द सोडून द्या, फक्त खालचा आवाज पकडा आणि तो कुठे वाजत नाही ते मोजा. गाणं आहे मध्यमवर्गीय संसारातल्या रिकामपणावर, सगळं आहे, घर आहे, जोडीदार आहे, आणि तरी हेच का? मला कायम वाटतं की ते रिकामपण शब्दांच्या आधी बेसमध्ये येतं.

एवढं ताणून सांगतेय कारण पुढे हा माणूस संगीतकार म्हणून जे काही करतो त्याचं मूळ मला इथेच दिसतं, कुठे वाजवायचं नाही हे ज्याला कळतं तो.

पण एवढं वेड कशाचं होतं?

1982 ला डोरिस डे हा अल्बम आला आणि 1983 ला फोर-अस. हे दुसरं नाव डचमध्ये वाचायचं, चारला फीर म्हणतात, फीर-अस, म्हणजे व्हायरस. असली कोटी करणारे लोक मला आवडतात, काय करणार. "बॉम्ब" नावाचं गाणं आणि "पा" हे गाणं, दोन्ही टॉप 40 मध्ये एक नंबरला. पहिलं एर्न्स्ट यान्सचं, दुसरं व्रीन्तनचं.

बॉम्बचं गाणं समजायला तो काळ माहीत हवा. शीतयुद्ध ऐन जोरात, अमेरिकेची अण्वस्त्रवाली क्रूझ क्षेपणास्त्रं नेदरलँड्समध्ये ठेवायची का यावर देश पेटलेला, ऑक्टोबर 1983 ला हेगमध्ये साडेपाच लाखाच्या आसपास माणसं रस्त्यावर उतरली होती, एवढ्याशा देशात! आणि त्याच वेळी पोरं शाळेत नोकरी, डिप्लोमा, भविष्य वगैरे ऐकतायत. बॉम्ब पडणारच असेल तर हे सगळं कशाला, असं ते गाणं हसत हसत विचारतं, नाचता येईल अशा ठेक्यावर.

"पा" म्हणजे बाबा. बापासमोर बसलेला मुलगा, त्याच्याकडे बघतोय आणि एकाच वेळी वेगळं व्हायचंय आणि तसंच होतंय. आमच्या ऑफिसातला एक साठीचा डच सहकारी, ज्याच्या चेहऱ्यावर मी सुखदुःख काहीही कधी पाहिलं नाही, तो या गाण्याला खिडकीबाहेर बघत बसतो.

बाकी मग ते रंग. झगझगीत हिरवा आणि गुलाबी. बिल्ले, मोजे, मनगटावरचे पट्टे, सगळं त्या दोन रंगांत. अजूनही इथल्या एखाद्या बाईला ते दोन रंग शेजारी शेजारी दाखवा, ती बँडचं नाव सांगेल.

मग एवढं चालू असताना बंद का केलं? भांडणं झाली का?

आपल्याकडे पहिला अंदाज हाच, भांडण किंवा पैसा. तसं नाही. प्रेक्षक बघा कोण होते, बारा-तेरा वर्षांच्या मुली, पहिल्या रांगेत चेंगराचेंगरी, बेशुद्ध पडणाऱ्यांना उचलून बाहेर काढायचं, स्टेजवर अंतर्वस्त्रं येऊन पडायची. आणि स्टेजवर कोण, तर पस्तिशीतला माणूस, ज्याने संसार, बाप, कंटाळा, नाहीतर अणुबॉम्ब यावर गाणी लिहिलीयत आणि समोरच्या किंकाळ्यांत त्यातला एक शब्द ऐकू जात नाहीये. स्वतःचा बेससुद्धा ऐकू येत नसेल कदाचित.

फेब्रुवारी 1984 ला त्यांनी जाहीर केलं की बास. 14 एप्रिल 1984 ला डेन बॉसच्या मासपोर्ट हॉलमध्ये निरोपाचा कार्यक्रम झाला. व्रीन्तन बँडमध्ये येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती! देशभर मुली रडल्या, त्या मुली म्हणजे आत्ताच्या तुमच्या शेजारणी, बॉस, आणि मुलांच्या टीचर. विचारून बघा, त्या दिवशी कुठे होत्या ते सांगतील.

माझं मत सांगू? लोक याला "त्याग" वगैरे म्हणतात ते मला पटत नाही. गळ्यातली गिटार बाजूला ठेवून नीट ऐकू येईल अशा खोलीत जाऊन बसावंसं वाटलं असेल, एवढंच.

सिनेमाचं संगीत म्हणजे स्पोरलोस का? तोच तो भयानक शेवट असलेला?

तोच. शेवट मी सांगणार नाही, ज्यांनी पाहिलाय ते अजून सावरतायत.

1988 चा सिनेमा, दिग्दर्शक जॉर्ज स्लाउझर, टिम क्राबेच्या कादंबरीवरून. डच जोडपं, रेक्स आणि सास्किया, फ्रान्सला सुट्टीवर निघालंय, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर थांबतात, ती थंड पेय आणायला आत जाते आणि परत येत नाही. बस. पुढची काही वर्षं तो तिला शोधतोय. खून-बिन काही दाखवत नाहीत, रक्त नाही, भरदुपार, गर्दी, रेडिओवर टूर द फ्रान्स सायकल शर्यतीची कॉमेंट्री चालू. आपल्याकडे सुट्टीत गाडी घेऊन पॅरिसला जाणारे जेवढे आहेत त्यांनी हा बघून मग निघू नये, एवढाच सल्ला.

आता नाव बघा. स्पोर म्हणजे माग, लोस म्हणजे विना, मागमूस नसलेला. पण स्टेशनवर रोज पाटीवर दिसतं ना "स्पोर 3", तिथे तोच शब्द प्लॅटफॉर्मसाठी वापरतात. डच शिकायला लागले तेव्हा मला वाटायचं सिनेमाचं नाव "बिनप्लॅटफॉर्मचा" आहे.

असल्या सिनेमात संगीतकाराला मोह काय होईल? ती आत गेली की "ढँ" करून वाजवायचा. पण इथे अर्धी भीती आजूबाजूच्या साध्या आवाजांत आहे, गाड्यांचे दरवाजे, पंपावरची वर्दळ, तो रेडिओ. त्यावर संगीत चढवलं की मेलंच सगळं. बेसवाल्याची सवय इथे कामाला येते असं मला वाटतं.

गंमत म्हणजे नेदरलँड्सने हा सिनेमा ऑस्करला पाठवायचं ठरवलं आणि त्यात फ्रेंच संवाद जास्त आहेत म्हणून तो बाद झाला. 1993 ला त्याच दिग्दर्शकाने हॉलिवूडमध्ये परत केला, संगीत जेरी गोल्डस्मिथ, मोठं नाव. तो बघू नका. शेवट बदललाय.

बँडमधल्या माणसाला बॅकग्राउंड म्युझिक कसं जमतं? ते वेगळंच काम ना?

वेगळंच. गाण्यात तुम्ही राजे, तीन मिनिटं तुमची, कडवं-ध्रुवपद तुमच्या मर्जीने. सिनेमात एडिट झालेलं चित्र समोर येतं आणि घड्याळ दुसऱ्याच्या हातात. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमने पळतो. मिनिटाला 120 ठोक्यांची लय धरली तर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, म्हणजे दर 12 फ्रेमला एक. आता बाई दार उघडते ती ठोक्याच्या मधोमध, सातव्या फ्रेमला. मग काय कराल? लय किंचित ओढायची, नाहीतर एक मात्रा खायची, नाहीतर दार उघडलं तरी मुद्दाम काहीच न करता पुढे जायचं. त्यात दिग्दर्शकाने एडिट करताना दुसऱ्याच कुठल्या सिनेमाचं संगीत तात्पुरतं लावलेलं असतं आणि आठवडाभर ऐकून ऐकून तो त्याच्या प्रेमात पडलेला असतो, त्याला "तसंच पण वेगळं" हवं असतं. आणि संगीत तयार झाल्यावर दिग्दर्शक सीनच चार सेकंदांनी कापतो.

नाटकाला पार्श्वसंगीत देणाऱ्या मराठी लोकांना हे सगळं तोंडपाठ आहे, नट वाक्य विसरला की ऑपरेटरचं काय होतं ते विचारा त्यांना.

स्पोरलोसनंतर कामं येत राहिली. यरून क्राबेचा लेफ्ट लगेज, 1998, अँटवर्पमधल्या ज्यू कुटुंबाची गोष्ट, इझाबेला रोसेलिनी आहे त्यात. मग 2001 ला त्याच दिग्दर्शकाचा डिस्कव्हरी ऑफ हेवन, हॅरी मुलिशच्या जाडजूड कादंबरीवरचा, स्टीफन फ्राय असलेला. कादंबरी वाचायला घेऊन तीनदा सोडलीय, सिनेमा एका रात्रीत झाला.

आमच्या मुलांनी त्याचं काही ऐकलंय का?

इथे वाढत असतील तर बहुधा हो, नाव न कळता. सेसमस्ट्राट, म्हणजे आपल्याकडे जे गली गली सिम सिम होतं त्याचं डच भावंड, त्यासाठी गाणी केली. हेट क्लॉकहाउस, म्हणजे सफरचंदाचा मधला बियांचा भाग, हा मुलांचा विज्ञान-बिज्ञान सांगणारा कार्यक्रम 1988 पासून चालू आहे, शाळेत दाखवतात, त्यासाठीही केली. मारिया पेटर्सचे मुलांचे सिनेमे आहेत, क्रॉयमलच्य, 1999, रॉटरडॅमच्या रस्त्यावरचा पोरगा आणि त्याचा कुत्रा, आणि नंतर पीचे बेल, त्यांचं संगीत याचं. आमच्याकडे क्रॉयमलच्य इतक्या वेळा लागलाय की कुत्रा कधी भुंकणार ते मला पाठ आहे.

मोठ्यांसाठी म्युझिकल, सिस्क दे रात, 2007. त्याची गंमत अशी की 1984 च्या सिनेमात ज्या पोराने सिस्कचं काम केलं होतं, डॅनी दे मुंक, तोच तेवीस वर्षांनी मोठा होऊन म्युझिकलमध्ये सिस्क झाला. आणि 1984 म्हणजे डू मार बंद झालं ते वर्ष.

गोल्डन इअररिंगचा बेसिस्ट तो हाच का? आणि मॅड मॅक्सचं संगीत?

नाही आणि नाही. गोल्डन इअररिंगचा बेसवाला रिनस खेरित्सन. मॅड मॅक्स फ्युरी रोडचं संगीत टॉम होल्कनबोर्खचं, जंकी एक्सएल नावाने ओळखतात तो, तोही डच, पण वेगळी पिढी आणि वेगळा बाज, तिकडे ढोलताशा पथक परवडलं एवढा दणका.

डू मार परत एकत्र आले का?

आले. 2000 ला क्लार नावाचा अल्बम काढला. क्लार म्हणजे "तयार" आणि क्लार म्हणजे "झालं, संपलं" सुद्धा, परत तीच कोटीची खोड. रॉटरडॅमच्या आहोय हॉलमध्ये एकामागून एक 16 कार्यक्रम, सगळे फुल्ल. आता पहिल्या रांगेत त्याच मुली, पण तिशीतल्या, आणि यावेळी शब्द ऐकू येत होते. 2012 ला मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर सिंफोनिका इन रोसो नावाचे कार्यक्रम झाले.

मधेच 2016-17 च्या सुमाराला गायक बाउडवाइन दे ख्रोट आणि गोल्डन इअररिंगचा जॉर्ज कोयमान्स यांच्याबरोबर फ्रेम्दे कॉस्टगँगर्स नावाचं त्रिकूट केलं. नाव एका डच म्हणीतून आलंय, देवाच्या खानावळीत चित्रविचित्र गिऱ्हाइकं असतात अशा अर्थाची, आपल्या "व्यक्ती तितक्या प्रकृती"ची चुलत बहीण. तिघे म्हातारे गिटारी घेऊन बसलेत आणि एकमेकांची गाणी गातायत. मला डू मारपेक्षाही हे जास्त आवडतं, हे इथल्या लोकांसमोर मोठ्याने बोलत नाही.

शेवटी काय झालं?

2021 ला परत टूर ठरली होती, तेव्हाच फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला आणि टूर रद्द झाली. पुढच्या एप्रिलमध्ये गेला. त्याचा मुलगा क्सांडरही बेसच वाजवतो.

डच येत नाही, तर ऐकून उपयोग काय? सुरुवात कुठून करू?

पहिले आठ दिवस फक्त बेस ऐका, त्याला भाषा लागत नाही. आधी "हेच का सगळं", मग "पा". मग एक रात्र मोकळी ठेवून स्पोरलोस, एकट्याने नको. भाषेसाठी म्हणाल तर ही गाणी क्लासपेक्षा बरी, कारण शब्द रोजच्या वापरातले आणि उच्चार स्वच्छ.

माझं पहिलं अख्खं डच वाक्य क्लासमधलं नव्हतंच. बेकरीत रांगेत उभी होते, नंबर आला, पाठ केलेलं "मला कृपया हवे आहे" डोक्यातून साफ उडालं आणि तोंडातून बँडचं नाव बाहेर पडलं, पुढे "त्वे" जोडलं. बाईने वर न बघता दोन चीजचे पाव पिशवीत घातले.